बिननंबराचा बिल्ला

मारत्या, सलीमभाई डबा घेऊन आला.

तुझ्या तेराव्याची मोठी पातेली अजून अंगणात पालथी होती. ती न्यायला टेम्पो यायचा होता. मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. त्यानं गाडी लावली, मागं ट्यूबनं बांधलेला पत्र्याचा डबा सोडला आणि दारातूनच ओरडला, "ओ मारोतीभाई, निकलो बाहेर! गवसला तुमचा डब्बा! आता चहा पाजा."

मी म्हणाले, "सलीमभाई, बसा."

"बसतो अक्का, पैले भावाला बोलवा. झोपलाय काय?"

मग त्यानं पातेली बघितली. मग माझ्याकडं बघितलं. त्याला कळलं. देगलूरला त्याला कोणी कळवलं नव्हतं. तुझा फोन बंद, आणि तुझ्या पोराकडं, संतोषकडं, त्याचा नंबर नव्हता. डबा मांडीवर घेऊन तो खाली बसला. म्हणाला, "मी आज-उद्या, आज-उद्या करून राहिलो व्हतो, अक्का." मी चहा ठेवला. दुसरं काय करणार?

डबा तुझा होता. उघडावा मला लागला. त्यातून काय निघालं ते तुलाच सांगायचं आहे, कारण दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही. तुला सांगूनही नाही, ते मला कळतं.

जमिनीतलं लोखंड-तांबं हुडकायचं ते मशीन तू घरी आणलंस तेव्हा मी म्हणाले होते, म्हातारपणी माणसं हातात माळ घेतात, ह्यानं दांडा घेतला. नांदेडला पाणीपुरवठ्यात तुझा जन्म गेला. डांबराखाली गाडले गेलेले व्हॉल्व्ह हुडकायला तिथं असलं एक मशीन होतं आणि त्याला साहेब कोणाला हात लावू देत नव्हता. तू नुसता खड्डे खणायचास. तेवढ्यासाठी तू कुढलास. रिटायर होऊन गावी आलास आणि पहिलं काम काय, तर स्वतःचं मशीन मागवलं. कानाला ते काळं लावून, हातात खुरपं घेऊन, लंगडत तू पांदीनं निघालास की पोरं मागं लागायची. मांडीत सळई बसवलेली तुझी. दांडा पायाजवळ आला की मशीन कोकलायचं. तू पोरांना म्हणायचास, "बगा रे, धन माज्यातच हाय."

पारावरचे काय बोलायचे ते तुला ऐकू यायचं आणि तुला ते आवडायचं.

"मारोतीराव, हंडा गावला तर आमाला इसरू नका."

"हंड्यावर नाग असतोय म्हनं."

"नागाचं काय घेऊन बसलास? माज्या घरात अक्का हाय."

हे मला सरपंचाच्या आईनं येऊन सांगितलं. त्या दिवशी तुला भाकरी गार का मिळाली ते आता कळलं असेल.

तुला काय सापडायचं? खिळे, बैलाचा नाल, सोड्याच्या बाटलीची बुचं, ट्रॅक्टरची पिन. एकदा शेजारच्या सुनेचं जोडवं भुशाच्या ढिगातून काढून दिलंस तेव्हा गाव हसायचं थांबलं. मी थांबले नाही. मी तुझी बहीण आहे.

मग न्हाणीचं काम निघालं. संतोष गावी आला की त्याच्या बायकोला आपल्या न्हाणीत अंघोळ नको वाटायची. जुनी न्हाणी पाडायची, तिथं फरशीचं बाथरूम करायचं ठरलं. गवंड्यानं पाया खणला, सळया आणून टाकल्या. सिमेंट ओतायच्या आधी तू म्हणालास, "थांबा, एकदा फिरवतो." गवंडी वैतागला. तू फिरवलंस. न्हाणीच्या मागच्या अंगाला, भिंतीच्या बुडाशी, वाजलं.

तू खाली बसलास, सळईचा पाय लांब करून, आणि खुरप्यानं उकरायला लागलास. आधी खापरं निघाली. काळीभोर, पातळ. तू म्हणालास, "अक्का, मडकं फुटलंय बग. हंडाच की!" मी म्हणाले, "फेक ती खापरं, कोणाच्या पायात जातील." तू फेकलीस. मग तो बिल्ला निघाला. तांब्याचा, रुपयापेक्षा जरा मोठा, वर एक भोक. तू चिंचेनं घासलास. एका बाजूला कापसाचं बोंड उमटलेलं. दुसरी बाजू कोरी.

ही खापरं ध्यानात ठेव, मारत्या. आपण दोघांनी ती फेकली आणि बिल्ला ठेवला.

पुढं तू गावोगाव फिरलास. देगलूरच्या सोनारानं सांगितलं, तांबं आहे, बाकी मला विचारू नका. नांदेडच्या कॉलेजातल्या सरांनी भिंगातून बघितलं, चांगलं बसवून सांगितलं, की हा कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्यांचा बिल्ला आहे, नाणं नाही. पूर्वी कारखानदार आपापले पाडून घ्यायचे. कोणत्या जिनिंगचा आणि कोणाच्या हातातला, ते त्यांना सांगता आलं नाही. त्यांनी तसं सरळ कबूल केलं. पण जिनिंग म्हटल्यावर तुझं डोकं फिरलं. देगलूरला जिनिंग होती आणि आपला बाप, आबा, तिथं हमाल होता, एवढं तर गावाला माहीत होतं.

नांदेडहून तू आलास तो चप्पल न काढता घरात आलास. "अक्का, हे आबाचं हाय."

मी म्हणाले, "चप्पल काढ."

तुला तर हे सगळं माहीत आहे, तरी परत सांगते. तू आईच्या पोटात असताना आबा हैदराबादकडं कामाला जातो म्हणून गेला, तो गेलाच. ना निरोप, ना बातमी. मेला का दुसरं घर केलं, कोणाला कळलं नाही. त्याचा फोटो नाही. त्याचं धोतर आईनं चिंध्या करून वापरलं. मी तेव्हा सात-आठ वर्षांची. मला त्याचं एवढंच आठवतं, की मानेखाली गोण्या वाहून घट्टा पडला होता आणि जेवताना तो बोलायचा नाही. तू तो घट्टा मला किती वेळा विचारलास. उजवीकडं व्हता का डावीकडं? मला आठवत नव्हतं. तू चिडायचास. "एवढं बी सांगता येत न्हाई तुला?"

तू एवढा मोठा माणूस, नातवंडांचा आजा, आणि त्या तांब्याच्या तुकड्याला काळा दोरा घालून गळ्यात बांधलास.

आपलं भांडण तिथून सुरू झालं. ते अजून मिटलेलं नाही असं मी धरून चालते, नाहीतर मला दिवस काढता येणार नाहीत. मी म्हणायचे, देवणीला माझ्या सासरी बाजाराच्या दिवशी मी हमाल बघितलेत. दंडावर बिल्ला आणि बिल्ल्यावर नंबर. नंबर नाही असा हमाल नसतो.

"ह्याच्यावर नंबर कुटं हाय?"

"घासला."

"मग बोंड कसं ऱ्हायलं? नंबरच तेवडा घासला?"

"तुला काय तरास हाय अक्का, तो आबाचा असला तर?"

"आन् हमाल आपला बिल्ला न्हाणीमागं कामून पुरंल?"

"खूण म्हनून. आईसाठी. परत येतो म्हनून."

"तो खूण ठेवनारा गडी न्हवता."

तेव्हा तू ताटावरून उठलास. हात धुतलेस आणि दारात उभा राहून म्हणालास, "अक्का, तू त्याला बगितलंस. मी न्हाई."

मी बघितला होता. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण बघितला होता.

सलीमभाईचं नाव तुला कोणी सांगितलं ते मला आठवत नाही. भंगाराचा व्यापारी. जिनिंग बंद पडली तेव्हा तिथलं लोखंड त्याच्या बापानं उचललं होतं. त्या मालात बिल्ल्यांचा एक डबा आला होता आणि तो गोदामात कुठंतरी तळाला आहे, एवढं त्यानं तुला सांगितलं. दर बाजाराच्या दिवशी तुझा फोन. "सलीमभाई, सापडला का?" आणि तिकडून, "ढूंढ के देता, मारोतीभाई, पूरा गोदाम उलटं करावं लागतं." त्याचं काही चुकलं नाही. कोणाच्या गोदामात आपलं मरण लिहून ठेवलेलं नसतं.

नांदेडच्या दवाखान्यात तुला ऑपरेशनला आत न्यायच्या आधी नर्सबाईनं अंगावरचं सगळं काढायला सांगितलं. घड्याळ संतोषकडं दिलंस. दोरा तुला सोडवत नव्हता, तिनं कात्रीनं कापला. बिल्ला तू माझ्या हातात ठेवलास.

"अक्का, सांभाळ. आबाचा हाय."

मी म्हणाले, "हाव. आबाचाच हाय."

तू माझ्याकडं बघून हसलास. "आत्ता कामून कबूल करून राहिलीस? मी मरतोय व्हय?"

मी म्हणाले, "गप पड."

हे आपलं शेवटचं बोलणं. एवढी वर्षं एका घरात राहिलो, एवढं बोललो, आणि शेवटाला काय, तर गप पड. तू ऐकलंस. जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलंस.

राख सावडताना तुझी सळई निघाली. संतोषनं ती काडीनं बाजूला केली आणि माझ्याकडं बघत उभा राहिला, आत्या हिचं काय करायचं म्हणून. मला तुझं ते आठवलं, धन माज्यातच हाय. मला हसू आलं आणि बायांना वाटलं मी रडते. त्यांनी मला धरलं. मी धरू दिलं.

आता डब्याचं.

सलीमभाईनं चहा घेतला नाही. कप तसाच साय धरून राहिला. मी म्हणाले, उघडा. तो म्हणाला, ज्याच्यासाठी आणला तोच नाही. मी म्हणाले, मी आहे, उघडा. झाकण गंजलेलं, पेचकस घालून उचकटलं. त्यानं ते सगळं अंगणात पोत्यावर ओतलं.

दोन जातींचे बिल्ले होते. मोठे पितळी, दोन्ही कडांना भोक, मधे ठळक नंबर. आणि छोटे तांब्याचे, एक भोक, बोंड, मागं कोरे. छोटे ढीगभर. मी माझ्या कमरेच्या पिशवीतून तुझा काढला आणि त्या ढिगाजवळ धरला. सांगायला कोणी लागत नव्हतं.

तरी मी विचारलं, "मोठे कोणाचे?"

"हमालांचे. दंडाला बांधायचे, म्हनून दोन भोकं. अब्बा सांगायचे."

"आन् हे बारके?"

"बायांचे, अक्का. गाडीतून कापूस पाटीत भरून आत न्यायच्या ना. एक पाटी टाकली की दारावरचा मानूस एक बिल्ला द्यायचा. बाया दोऱ्यात ओवायच्या. सांजंला माळ दाखवायची, बिल्ले परत करायचे, तेवढी मजुरी."

"नंबर नसायचा?"

"बायांना नंबर कायको? पाट्या मोजायच्या, बाया न्हाई."

मी म्हणाले, "बरोबर."

भांडण मी जिंकले, मारत्या. तो हमालाचा नव्हता. आबाचा नव्हता. मी त्या पोत्यासमोर बसले होते आणि तुला हाक मारायला माझं तोंड उघडलं होतं. बघ म्हणायला. मी म्हणत नव्हते का, म्हणायला. तोंड तसंच उघडं राहिलं.

आणि मग मला आईचे केस आठवले.

आबा गेल्यावर आई पहाटे दुसऱ्या बायांबरोबर देगलूरला कामाला जायची. कसलं काम ते मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. लेकरू होते, भाकरी मिळाली की झालं. पण ती सांजंला आली की तिच्या केसांत पांढरं असायचं. मला वाटायचं आई म्हातारी झाली. मी घाबरायचे. ती डोकं धुवायची आणि परत काळी व्हायची. मी कोणाला बोलले नाही. कापूस होता तो, मारत्या. एवढ्या वर्षांनी मला कळलं की तो कापूस होता. ज्या फाटकातून नवरा हमालीला जायचा त्याच फाटकातून ती आत गेली, तुला पोटात घेऊन, डोक्यावर पाटी घेऊन. आणि तोंडातून शब्द काढला नाही. तू झाल्यावर ती परत तिकडं गेली नाही, शेतातच राबली. म्हणून मी ते विसरून गेले.

तू झालास त्या दिवशी ती उन्हाची घरी आली. सांज व्हायची होती. दोन बायांनी धरून आणली. मला पाणी तापवायला लावलं. सुईण आली, काशीबाई, तिचा आवाज फार मोठा. तू रडलास. मग काशीबाईनं नाळेसकट वार गाडग्यात घातली, हळदकुंकू टाकलं आणि न्हाणीमागं खड्डा केला. आपल्यात वार नुसती पुरत नाहीत, बरोबर पैसा टाकतात, लेकराला जगात रिकाम्या हातानं पाठवू नये म्हणून. माझ्या वेळी आबानं निजामाचा आणा टाकला होता म्हणे. काशीबाई बाहेरून ओरडली, "पैसा दे ग, नुसतं पुरू नये!"

घरात पैसा नव्हता. आई बाजेवर आडवी होती. तिनं पदराची गाठ दातानं सोडली आणि काहीतरी माझ्या हातात दिलं. म्हणाली, "काशीबाईला दे. बगू नको." मी बघितलं नाही. मी सांगितलेलं ऐकणारी पोरगी होते. मी पळत गेले आणि दिलं. पैसाच असेल असं मला आजपर्यंत वाटलं.

त्या दिवशी सांजंची माळ दाखवायला ती थांबलीच नव्हती. कळा सुरू झाल्या तेव्हा शेवटच्या पाटीचा बिल्ला तिच्या पदरात राहिला असेल. मी शपथ घेणार नाही. मी तिथं जिनिंगच्या दारात नव्हते. पण जागा तीच, खापरं तीच, आणि तुझ्या माझ्या मागं त्या घरात तिसरं लेकरू झालं नाही.

म्हणजे तो तुझाच होता, मारत्या. कोणाचा, कोणाचा म्हणून तू सोनाराकडं गेलास, कॉलेजात गेलास, सलीमभाईचं डोकं खाल्लंस. तुझा. तू पोटात असताना आईनं वाहिलेली शेवटची पाटी. तुझ्या नावानं पुरला आणि तूच उकरून काढलास, खाली बसून, सळईचा पाय लांब करून.

मी हे सगळं सलीमभाईला सांगितलं. कोणाला तरी सांगायला पाहिजे होतं. त्यानं रुमालानं डोळे पुसले आणि म्हणाला, "अक्का, बापाच्यापेक्षा ये तो बडी चीज निकली."

मी म्हणाले, "कोणासाठी?"

तो बिल्ले परत डब्यात भरायला लागला.

मला खरंच कळत नाही. तू बाप शोधत होतास. निघाली आई. आई तर तुला होतीच. तिनं तुला मारलं, शिकवलं, नांदेडला पाठवलं, तुझ्या मांडीवर मेली. तुला तिचं काही कमी नव्हतं. तुला बापाचं एक बोटभर काहीतरी पाहिजे होतं आणि ते तुझ्या गळ्यात होतं तोवर तू ताठ चालायचास, लंगडत का होईना. हे तुला कळलं असतं तर तू आनंदानं ओरडला असतास, का ताटावरून उठला असतास? एवढी तुला ओळखते मी, चड्डीत होतास तेव्हापासून, आणि मला सांगता येत नाही. दोन्ही करून बघते. रोज एकदा तू ओरडतोस, रोज एकदा तू उठतोस.

आणि मी शेवटी तुला म्हणाले, आबाचाच हाय. बरं केलं का वाईट केलं, तेही मला ठरवता येत नाही. ठरवून काय होणार आहे?

संतोषला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आत्या, भारी आहे हे. आपण फ्रेम करू. नांदेडला हॉलमधे लावू." पोरगा चांगला आहे. पण वारेतला बिल्ला कोणी पाहुण्यांना दाखवतं का? मी म्हणाले, बघू.

देवणीहून तूच मला इथं आणलंस. माझा नवरा गेला, पोरं आपापल्या संसाराला लागली, तू जीप घेऊन आलास आणि माझ्या सुनेसमोर म्हणालास, "चल अक्का, माज्याशी भांडायला घरात कोन न्हाई." लोक आधार देतो म्हणतात, सांभाळतो म्हणतात. तू भांडायला नेलंस. त्याचे उपकार मी तोंडानं कधी बोलले नाही. तुला कळलं होतं असं धरते. गार भाकरी तू कधी टाकली नाहीस, त्यावरून धरते.

काल मी तुझं मशीन काढलं. चालू करायचं बटण कुठलं ते मला माहीत होतं, बघून बघून. मला वाटलं, बिल्ला जिथला आहे तिथं परत ठेवून द्यावा, एखादी फरशी उचलून. नेमकी जागा कळावी म्हणून दांडा बाथरूममधे नेला. ते वाजायला लागलं. इकडं नेला, वाजतं. तिकडं नेला, वाजतं. खाली सगळ्या सळया घातल्यात, तूच उभं राहून घालून घेतल्यास, घट्ट पाहिजे म्हणून. मी मधे उभी, आणि ते कोकलून राहिलं. मला बंद करता येईना. शेवटी शेजारची सून आली, तिनं बंद केलं. पायात तेच जोडवं होतं.

तुझा बिल्ला ठेवायला जागा राहिली नाही रे. गंगेत टाक म्हणतात, तर तुझी राख गेली ती गेली, ह्याला पाठवून तो तुला सापडायचा का? तिथं मशीन नाही.

तोवर पदरात बांधलाय. घट्ट बांधलाय. आईनं गाठ दातानं सोडली होती. मला दात नाहीत.